ऑक्साइड थरांतील प्रतिबले व त्यांचे मापन

उच्च तापमानास वापरावयाच्या मिश्रधातूंच्या पृष्ठभागी हवेतील, ज्वलनवायूंतील किंवा वाफेतील ऑक्सिजनामुळे ऑक्साइडाचा पातळ थर तयार होतो. या थरात तो वाढत असताना व नंतर धातू निवत असताना जी अंतर्गत प्रेरणा (दर एकक क्षेत्रफळावरील) निर्माण होते, तिला ऑक्साइड थरातील प्रतिबल असे म्हणतात. थर धातूला घट्ट चिकटून राहिला, तर तो तिचे पुढील ऑक्सिडीकरणापासून रक्षण करतो. प्रतिबल मर्यादेबाहेर गेल्यास त्याला तडे जातात किंवा त्याच्या खपल्या निघतात आणि उघडी पडलेली धातू पुन्हा झपाट्याने ऑक्सिडीभूत होऊ लागते. बाष्पित्रातील (बॉयलरमधील) नळ्या, वायू टरबाइनाची पाती, भट्ट्यांतील तापक तारा, अणुकेंद्रीय इंधनाची आवरणे इत्यादींचे आयुष्य पुष्कळ अंशी या प्रतिबलावर अवलंबून असते. त्यामुळे त्याचे मापन हा धातुविज्ञानातील व्यावहारिक दृष्ट्या महत्त्वाचा विषय ठरला आहे.

लोहाराच्या भट्टीतून काढलेले लाल लोखंड ऐरणीवर ठेवले की, घाव बसण्यापूर्वीही निवतानाच त्याच्यावरून काळ्या खपल्या उडताना दिसतात. विजेच्या शेगडीतील तार मात्र लाल होऊन शेकडो वेळा निवली, तरी तिच्यावरील थर बराच काळ टिकतो. ही तार निकेल व क्रोमियम यांची मिश्रधातू असते (अमेरिकेतील ए. एल. मार्श यांना हिचे एकस्व 1906 मध्ये मिळाले) किंवा लोखंड, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांची असते. दोन्ही उदाहरणांत ऑक्सिडीकरण घडतेच. फरक आहे तो थराच्या वाढीच्या गतीत, त्याच्या चिकटपणात आणि त्यात साठणाऱ्या प्रतिबलात. क्रोमियमयुक्त मिश्रधातूवर क्रोमिक ऑक्साइडाचा, तर पुरेसे ॲल्युमिनियम असलेल्या मिश्रधातूवर ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडाचा) दाट थर बनतो. सु. 1,000° से.च्या वर ॲल्युमिनाचा थर अधिक उपयुक्त असतो, कारण त्या तापमानास क्रोमिक ऑक्साइड बाष्परूपाने हळूहळू निघून जाते [⟶ गंजणे, मिश्रधातू].

प्रतिबलांची उत्पत्ती : थरातील एकूण प्रतिबल दोन भागांचे मिळून बनते. थर वाढत असताना स्थिर तापमानास निर्माण होणारे ते वृद्धिप्रतिबल आणि तापमान बदलल्यावर धातू व ऑक्साइड यांच्या असमान आकुंचनामुळे किंवा प्रसरणामुळे निर्माण होणारे ते औष्णिक प्रतिबल होय. यांपैकी दुसऱ्याचे कारण सोपे आहे व त्याचे गणितही बरेचसे निश्चित आहे; पहिल्याचे कारण मात्र दीर्घकाळ वादाचा विषय राहिले आहे.

ऑक्साइडाचे घनफळ व ते बनण्यासाठी खर्ची पडलेल्या धातूचे घनफळ यांच्या गुणोत्तराला, ते 1923 मध्ये मांडणारे एन. बी. पिलिंग व आर. ई. बेडवर्थ यांच्या नावांवरून, पिलिंग-बेडवर्थ गुणोत्तर म्हणतात. मॅग्नेशियमाच्या बाबतीत ते सु. 0.8, ॲल्युमिनियमाच्या 1.28, निकेलाच्या 1.65 व क्रोमियमाच्या सु. 2.07 आहे. गुणोत्तर एकापेक्षा कमी असल्यास ऑक्साइड धातूला पुरते झाकू शकत नाही व जास्त असल्यास थर दाबाखाली राहतो, असे या कल्पनेचे थोडक्यात स्वरूप आहे. पाठ्यपुस्तकांत ही कल्पना आजही ठळकपणे दिलेली आढळते. तथापि प्रतिबलाचे परिमाण सांगण्यास ती अपुरी आहे. निकेलावरील ऑक्साइडात धातूचे आयन थरातून बाहेर विसरण पावतात व नवे ऑक्साइड मुख्यतः मोकळ्या पृष्ठभागी तयार होते. तेथे त्याला वाढण्यास अडथळा नसतो, म्हणून गुणोत्तर 1.65 असूनही त्या प्रमाणात दाब निर्माण होत नाही. ऑक्सिजन आत शिरून धातूच्या सीमेवर नवे ऑक्साइड बनते तेव्हाही वाढलेले घनफळ बहुतांशी थराच्या जाडीच्या दिशेने सामावले जाते. थराला आडव्या दिशेने ताणणारी किंवा दाबणारी विकृती त्याच्या मानाने अतिशय थोडी असते.

ही थोडी विकृती कोठून येते, याचे अधिक समाधानकारक स्पष्टीकरण एफ. एन. राइन्स व जे. एस. वुल्फ यांनी 1970 मध्ये निकेल ऑक्साइडाच्या अभ्यासावरून सुचविले. थर अनेक सूक्ष्म स्फटिककणांचा बनलेला असतो. कणांमधील सीमांवरून धातूचे आयन बाहेरच्या दिशेने व ऑक्सिजनाचे आयन आतील दिशेने येत असतील, तर त्यांची गाठ सीमेतच पडते व तेथेच नवे ऑक्साइड तयार होते. दाटीने भरलेल्या सभागृहात दोन खुर्च्यांच्या मध्ये आणखी एक खुर्ची घुसविल्याप्रमाणे याचा परिणाम होतो. थर आडवा वाढू पाहतो, पण धातूला चिकटलेला असल्यामुळे त्याला वाढता येत नाही, आणि त्यात दाबाचे प्रतिबल साठते. वृद्धिप्रतिबल दाबाचेच असते असे मात्र नाही. आरंभी बनलेल्या ऑक्साइडाचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर होताना घनफळ घटले, तर थर काही काळ ताणाखालीही येतो.

औष्णिक प्रतिबल हे बहुधा याहून पुष्कळ मोठे असते. निकेल मिश्रधातूचा रेखीय प्रसरण गुणांक दर अंश से.स सु. 14 ते 16 दशलक्षांश, तर ॲल्युमिनाचा सु. 8 ते 9 दशलक्षांश असतो. फरक 6 दशलक्षांश धरल्यास 1,000° से.नी निवताना दोहोंच्या लांबीत 0.6 टक्के इतका फरक पडावयास हवा. धातू जाड व ऑक्साइड अत्यंत पातळ, त्यामुळे धातू आपल्याबरोबर ऑक्साइडाला बळजबरीने आकुंचित करते. ॲल्युमिनाचा यंग गुणांक सु. 390 गिगापास्काल व प्वासाँ गुणोत्तर 0.22 धरले, तर पहिल्याला एक उणे दुसरे याने भागून 500 गिगापास्काल ही संख्या मिळते, तिला 0.006 या विकृतीने गुणल्यास प्रतिबल 3 गिगापास्काल येते. हे सु. 30,000 वातावरणांच्या दाबाइतके आहे. नेहमीचे बांधकामाचे पोलाद याच्या दशांश प्रतिबलाखालीही कायमचे वाकू लागते. ठिसूळ समजले जाणारे ऑक्साइड एवढे प्रतिबल सोसते, कारण ते दाबाचे असते व थर केवळ काही मायक्रॉन जाडीचा असतो.

मात्र प्रतिबल नुसते किती आहे यावरून थर टिकेल की नाही हे ठरत नाही; त्यात साठलेली ऊर्जा पाहावी लागते. ही ऊर्जा प्रतिबलाच्या वर्गाच्या व थराच्या जाडीच्या सम प्रमाणात असते. वरील उदाहरणातील थर 5 मायक्रॉन जाड असल्यास त्याच्या दर चौ. मी. क्षेत्रात सु. 90 जूल ऊर्जा साठते. थर धातूपासून सुटा करण्यास लागणारी ऊर्जा यापेक्षा कमी झाली की, थर कोठेतरी फुगवटा येऊन उचलला जातो व फुटतो. म्हणूनच तोच थर, त्याच प्रतिबलाखाली, पातळ असताना टिकतो व जाड झाल्यावर गळून पडतो. मिश्रधातूत सल्फराचे प्रमाण दशलक्षांत काही भाग एवढे असले, तरी ते सीमेवर गोळा होऊन थराची पकड पुष्कळ कमी करते. याउलट इट्रियम, सिरियम, हाफ्नियम यांसारख्या मूलद्रव्यांची अल्पशी भर घातल्यास पकड टिकते. एल. बी. फाइल यांनी तापक तारांसाठी या युक्तीचे एकस्व 1937 मध्येच घेतले होते. तिची कारणमीमांसा मात्र त्यानंतर अर्धशतकाने बरीचशी उलगडली.

मापनाच्या पद्धती : प्रतिबल प्रत्यक्ष मोजता येत नाही. मोजली जाते ती विकृती किंवा तिच्यामुळे बदलणारा एखादा गुणधर्म, आणि त्यावरून गणिताने प्रतिबल काढतात. थराची जाडी काही मायक्रॉन, तापमान हजार अंशांच्या घरात, आणि भोवती ऑक्सिजन, अशी येथील अडचण आहे. विकृतिमापकासारखे नेहमीचे साधन चिकटविण्यास जागाच नसते.

सर्वांत जुनी पद्धत वाकण्याची आहे. धातूच्या पातळ पट्टीची एकच बाजू ऑक्सिडीभूत होऊ दिली (दुसरीवर संरक्षक लेप दिला), तर थरातील दाबामुळे पट्टी ऑक्साइडाची बाजू बहिर्वक्र होईल अशी वाकते. विद्युत्‌ विलेपनाने बसविलेल्या थरांसाठी जी. जी. स्टोनी यांनी 1909 मध्ये दिलेले सूत्र येथे लावतात. पट्टी 0.25 मिमी. जाड व 5 सेंमी. लांब, थर 1 मायक्रॉन, त्यातील प्रतिबल 1 गिगापास्काल व 1,000° से.ला धातूचा यंग गुणांक 150 गिगापास्काल धरल्यास वक्रतेची त्रिज्या सु. 2.2 मी. येते आणि पट्टीचे मोकळे टोक अर्ध्या मिमी.हून थोडे अधिक सरकते. भट्टीच्या खिडकीतून दुर्बिणीने किंवा लेसर शलाकेच्या परावर्तनाने हे सहज मोजता येते. पद्धत स्वस्त आहे व प्रत्यक्ष वाढीच्या वेळीच वापरता येते, हा तिचा मोठा गुण. दोष असा की, एवढ्या तापमानास धातूचे विसर्पण (अल्प प्रतिबलाखाली दीर्घकाळ हळूहळू होणारे विरूपण) होते. वरील उदाहरणात पट्टीच्या पृष्ठभागी 16 मेगापास्काल इतकेच प्रतिबल येते, पण तेही पट्टीला कायमची वाकवू शकते. तसे झाल्यास पट्टीचे वाकणे हे थराच्या प्रतिबलाचे नव्हे, तर धातूच्या शिथिलतेचे माप ठरते. पूर्वीच्या प्रयोगांतून निरनिराळ्या संशोधकांना एकाच मिश्रधातूसाठी मेळ न बसणारी मूल्ये मिळाली, त्याचे एक कारण हे होय.

क्ष-किरण विवर्तनाच्या पद्धतीत स्फटिकाच्या जालकातील प्रतलांचे अंतरच मोजमापाची पट्टी म्हणून वापरतात. थर आडव्या दिशेने दाबला गेला असल्यास पृष्ठभागाला समांतर असलेल्या प्रतलांमधील अंतर वाढते व तिरप्या प्रतलांमधील अंतर कमी होते. नमुना निरनिराळ्या कोनांतून कलवून ही अंतरे मोजतात आणि ती कलाच्या कोनाच्या ज्येच्या वर्गासमोर आलेखावर मांडतात. मिळणाऱ्या सरळ रेषेच्या उतारावरून प्रतिबल निघते. ॲल्युमिनात 1 गिगापास्काल दाबामुळे पृष्ठभागाला समांतर प्रतलांचे अंतर हजारात सु. एक भाग एवढेच वाढते, त्यामुळे उपकरण अत्यंत काटेकोर जुळवावे लागते. शिवाय नेहमीचे क्ष-किरण पातळ थर भेदून धातूपर्यंत पोहोचतात व धातूच्या प्रखर रेषांत ऑक्साइडाच्या रेषा दडून जातात. किरण पृष्ठभागाला जवळजवळ घासून जातील असे सोडणे हा यावरील एक उपाय आहे. दुसरा उपाय म्हणजे सिंक्रोट्रॉनातील अतिशय तीव्र व समांतर किरण वापरणे.

सिंक्रोट्रॉनामुळे भट्टीत थर वाढत असतानाच त्याचे विवर्तन काही मिनिटांच्या अंतराने नोंदविणे शक्य झाले. अनेक सूक्ष्म स्फटिकांच्या थरातून विवर्तन पावलेले किरण शोधकावर वर्तुळाकार कडी उमटवितात. थरात प्रतिबल असेल, तर ही कडी किंचित लंबवर्तुळाकार होतात आणि या विरूपणावरून विकृती काढता येते. अमेरिकेतील आर्‌गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत बी. डब्ल्यू. व्हील, ए. पी. पॉलिकास व पी. वाय. हाऊ यांनी लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियम-इट्रियम मिश्रधातूवर असे प्रयोग करून 2006 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्थिर तापमानास वाढणाऱ्या ॲल्युमिनात 1 गिगापास्कालच्या आसपास ताण निर्माण होतो, हे पूर्वी काहींना आढळले होते, पण ते सर्वमान्य नव्हते. या प्रयोगांनी ते खरे ठरविले. प्रथम बनणाऱ्या लोखंड व क्रोमियम मिश्रित ऑक्साइडाचे शुद्ध ॲल्युमिनात रूपांतर होताना हा ताण येतो व पुढे विसर्पणाने तो ओसरतो, असे त्यांनी दाखविले.

माणकाच्या प्रकाशाची पद्धत : ॲल्युमिनाच्या थरांसाठी सर्वाधिक प्रचारात आलेली पद्धत एका रत्नाच्या गुणधर्मावर आधारलेली आहे. माणिक म्हणजे क्रोमियमाचा अल्प अंश असलेले ॲल्युमिनाच होय. हिरवा किंवा निळा प्रकाश पडला असता त्यातील क्रोमियमाचे आयन गडद तांबडा प्रकाश बाहेर टाकतात. या संदीप्तीच्या वर्णपटात दोन अगदी अरुंद रेषा असतात. त्यांपैकी प्रखर रेषेची तरंगलांबी सु. 694.3 नॅनोमीटर असते (1960 मध्ये बनलेल्या पहिल्या लेसरचा प्रकाश हाच). माणकावर दाब पडला की, क्रोमियम आयनाभोवतालचे ऑक्सिजनाचे आयन जवळ येतात व या रेषा अधिक तरंगलांबीकडे सरकतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील आर. ए. फोरमन व त्यांचे सहकारी यांनी 1972 मध्ये या सरकण्याचा उपयोग हिऱ्याच्या ऐरणींमधील प्रचंड दाब मोजण्यासाठी केला. त्याच संस्थेतील एल. ग्रॅबनर यांनी 1978 मध्ये भाजलेल्या ॲल्युमिनातील शिलकी प्रतिबले त्याच मार्गाने मोजली.

मिश्रधातूवर वाढणाऱ्या ॲल्युमिनात क्रोमियम मुद्दाम घालावे लागत नाही. मिश्रधातूतूनच त्याचा अंश थरात येतो व दशलक्षांत काही भाग एवढाही तो पुरतो. म्हणजे थर आपला मापक स्वतःबरोबरच घेऊन वाढतो. सूक्ष्मदर्शकातून लेसर शलाका पृष्ठभागावरील काही मायक्रॉनांच्या ठिपक्यावर टाकावयाची व परत येणाऱ्या तांबड्या प्रकाशाचा वर्णपट नोंदवावयाचा, एवढीच कृती असते आणि ती काही सेकंदांत होते. दोन्ही आडव्या दिशांनी सारख्याच दाबल्या गेलेल्या थरात रेषेचा तरंगांक (दर सेंमी.मधील तरंगांची संख्या) दर गिगापास्कालास सु. 5.07 ने घटतो. प्रतिबलरहित रेषेचा तरंगांक सु. 14,402 असतो, तो 15 ने कमी भरला, तर थरात सु. 3 गिगापास्काल दाब आहे असे समजते. हे मूल्य वर गणिताने काढलेल्या औष्णिक प्रतिबलाशी चांगले जुळते. प्रत्यक्ष मिश्रधातूंवर निवल्यानंतर साधारणतः 3 ते 5 गिगापास्काल मूल्ये आढळतात.

या पद्धतीतील सर्वांत घातक चूक तापमानाची असते. माणकाची रेषा तापमानानेही सरकते व हे सरकणे दर अंश से.स सु. 0.144 इतके आहे. प्रयोगशाळेचे तापमान 10° ने वेगळे असले व ते हिशेबात धरले नाही, तर उत्तर सु. 0.3 गिगापास्कालने चुकते. नागपूरसारख्या ठिकाणी डिसेंबरमध्ये व मे महिन्यात घेतलेल्या वाचनांची, खोलीचे तापमान न नोंदता केलेली तुलना म्हणूनच निरर्थक ठरेल. प्रत्येक वेळी प्रतिबलरहित माणकाचा किंवा नीलमण्याचा तुकडा शेजारी ठेवून त्याच्याशी ताडून पाहणे हा साधा इलाज आहे. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. तापमान काही शे अंशांवर गेले की, या रेषा रुंद व फिक्या होत जातात. त्यामुळे 1,000° से.ला वाढत्या थराचे प्रतिबल या मार्गाने वाचता येत नाही. निवल्यावर मिळालेल्या एकूण प्रतिबलातून गणिताने काढलेले औष्णिक प्रतिबल वजा करून वृद्धिप्रतिबल काढावे लागते. दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या संख्यांच्या वजाबाकीवर विसंबणे धोक्याचे असते, आणि निवताना धातूचे थोडे विसर्पण झाले असल्यास वजा करावयाची संख्याच चुकते. सिंक्रोट्रॉनाचे महत्त्व यातच आहे.

या पद्धतीचा खरा लाभ विमानाच्या टरबाइन पात्यांना झाला. पात्याच्या निकेल मिश्रधातूवर ॲल्युमिनियमयुक्त बंधक लेप व त्यावर इट्रियायुक्त झिर्कोनियाचा, सु. दशांश मिमी. किंवा अधिक जाडीचा, उष्णतारोधक लेप देतात. वापरात असताना या दोहोंच्या मध्ये ॲल्युमिनाचा थर वाढू लागतो व तो 5–10 मायक्रॉनांपर्यंत पोहोचला की, वरचा लेप सुटा होण्याचा धोका उद्भवतो. हा थर बाहेरून दिसत नाही. तथापि झिर्कोनिया अर्धपारदर्शक असल्याने लेसरचा प्रकाश त्यातून आत जातो व माणकाचा तांबडा प्रकाश बाहेर येतो. आर. जे. क्रिस्टेन्सन, डी. एम. लिपकिन, डी. आर. क्लार्क इत्यादींनी 1996 मध्ये असे मापन लेपाला धक्का न लावता करता येते, हे दाखविले. थर जेथे धातूपासून सुटू लागतो तेथे दाब अकस्मात कमी झालेला दिसतो, त्यामुळे बिघाड डोळ्यांना दिसण्यापूर्वीच त्याची सूचना मिळते. या लेपांच्या विफलतेचा सर्वांगीण आढावा मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत शिकलेले नितीन पाडतुरे यांनी एम. जेल व ई. एच. जॉर्डन यांच्यासह 2002 मध्ये घेतला. या विषयातील तो बहुधा सर्वाधिक उल्लेखिला जाणारा लेख आहे.

क्रोमिक ऑक्साइड, मॅग्नेटाइट किंवा हेमॅटाइट यांच्या थरांत माणकाचा प्रकाश मिळत नाही. तेथे रामन परिणामाचा (1928) उपयोग करतात; जालकाच्या कंपनांमुळे विखुरलेल्या प्रकाशाची रेषाही दाबाने सरकते. (चंद्रशेखर व्यंकट रामन हे अर्थखात्यात असताना 1910 च्या सुमारास काही काळ नागपूर येथे नोकरीस होते, त्यांचे हे संशोधन अर्थात त्यानंतरचे, कलकत्त्यातील.) याखेरीज थराला तडे जाताना उत्पन्न होणारे श्रवणातीत ध्वनी टिपून तो नेमका कोणत्या तापमानास फुटतो हे शोधतात. यावरून प्रतिबलाचे मूल्य मिळत नाही, पण प्रतिबलाचा परिणाम केव्हा घडतो ते कळते, व कारखान्याच्या दृष्टीने पुष्कळदा तेवढे पुरते.

विदर्भातील व महाराष्ट्रातील संदर्भ : नागपूरच्या दक्षिण कडेस असलेल्या बेसा परिसरापासून जवळच विमानतळ व मिहान प्रकल्प आहे, तेथे बोइंग कंपनीने एअर इंडियासाठी उभारलेले विमान देखभाल व दुरुस्ती केंद्र 2015 मध्ये सुरू झाले. शहराच्या उत्तरेस कोराडी व खापरखेडा ही औष्णिक विद्युत्‌ केंद्रे आणि पूर्वेस मौदा येथे राष्ट्रीय औष्णिक विद्युत्‌ निगमाचे केंद्र आहे. ऑक्साइड थर टिकविण्याचा प्रश्न विमानाच्या एंजिनात व बाष्पित्राच्या नळीत तत्त्वतः एकच असला, तरी त्याचे स्वरूप निराळे आहे. पात्यावरील थर मायक्रॉनांत मोजतात व त्याला हजार अंशांवरून निवावे लागते. बाष्पित्रातील थर याच्या कित्येक पट जाड असतो, पण त्याचे तापमान 600° से.च्या आसपास किंवा कमी असते.

कोराडी येथील पहिला संच 1974 मध्ये सुरू झाला. त्या पिढीतील 200–210 मेगावॉटांच्या संचांत वाफेचे तापमान सु. 535–540° से. असे. 2015 ते 2017 या काळात तेथे 660 मेगावॉटांचे तीन अतिक्रांतिक संच उभे राहिले. मौद्यालाही याच क्षमतेचे दोन संच आहेत. या वर्गातील बाष्पित्रांत वाफेचे तापमान सु. 565 ते 600° से.पर्यंत नेतात, कारण तापमान वाढेल तसा कोळशाचा खर्च कमी होतो. एवढ्या तापमानास वाफेतील ऑक्सिजन नळीच्या आतील बाजूस ऑक्सिडीकरण घडवितो. थराचा आतील भाग क्रोमियमयुक्त व बाहेरचा भाग मुख्यत्वे मॅग्नेटाइटाचा बनतो. अतितापकाच्या सर्वांत तप्त भागात वापरावयाचे ऑस्टेनाइटी अगंज पोलाद दर अंशास सु. 18 दशलक्षांश इतके आकुंचन पावते, ऑक्साइड मात्र त्याहून बरेच कमी. संच बंद करून निवविला की, थरात 0.2 ते 0.3 टक्के विकृती येते व मॅग्नेटाइटाच्या खपल्या सुटतात. फेराइटी पोलादाचा प्रसरण गुणांक ऑक्साइडाच्या जवळपासचा असल्यामुळे त्यावरील थर अधिक जाड होईपर्यंत टिकून राहतो.

सुटलेल्या खपल्या लोंबत्या नळ्यांच्या तळाशी असलेल्या वळणात साचतात. संच पुन्हा सुरू करताना त्या नळीतून पुरेशी वाफ जात नाही, बाहेर आगीचा मारा मात्र चालू असतो. परिणामी नळी अल्पावधीत अतितप्त होऊन फुटते. एक नळी फुटली तरी संपूर्ण संच बंद करून थंड करावा लागतो, आणि थंड करण्यानेच इतर नळ्यांतील थरांच्या खपल्या निघतात. काही खपल्या वाफेबरोबर वाहत जाऊन टरबाइनाची पहिली पाती घासून झिजवितात.

चालू बाष्पित्रातील थराचे प्रतिबल मोजण्याचा व्यवहार्य मार्ग अद्याप नाही. म्हणून बंद काळात श्रवणातीत तरंगांनी थराची जाडी बाहेरून मोजतात, जाडीवरून नळीचे प्रत्यक्ष तापमान किती राहिले असावे याचा अंदाज करतात, आणि प्रयोगशाळेत मिळालेले गुणांक वापरून प्रतिबल व साठलेली ऊर्जा काढतात. वळणात खपल्या साचल्या आहेत की नाहीत हे पाहण्याची एक युक्ती मात्र फारच सोपी आहे. ऑस्टेनाइटी पोलाद चुंबकाला आकर्षिले जात नाही, मॅग्नेटाइट आकर्षिले जाते. म्हणून नळीबाहेरून चुंबकीय शोधक फिरविला की, आतील साठा कळतो. नळी कापावी लागत नाही.

सौर ऊर्जेचा वाटा वाढत चालल्यामुळे कोळशावरील संचांना दिवसा भार कमी करून सायंकाळी तो झपाट्याने वाढवावा लागतो. पूर्वी भार सहसा 70 टक्क्यांखाली नेत नसत. 2016 मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाने ही किमान मर्यादा 55 टक्के केली आणि केंद्रीय विद्युत्‌ प्राधिकरणाच्या 2023 च्या विनियमांनी संच 40 टक्के भारावर चालविण्याची क्षमता आणण्यास सांगितले. भार बदलला की नळ्यांच्या तापमानात चढउतार होतो, आणि जो थर पूर्वी वर्षातून मोजक्या वेळा निवत असे त्याला रोज लहान प्रमाणावर औष्णिक प्रतिबलाचे फेरे सोसावे लागतात. एका मोठ्या फेऱ्याने होणारी हानी व अनेक लहान फेऱ्यांनी होणारी हानी यांचा संबंध सरळ प्रमाणाचा नसतो. त्यामुळे जुन्या अनुभवावर बेतलेले तपासणीचे वेळापत्रक नव्या परिस्थितीत पुरेसे ठरेलच असे नाही.

तारापूर येथील अणुविद्युत्‌ केंद्रात (पहिले दोन संच 1969) इंधनाची आवरणे झिर्कोनियम मिश्रधातूची असतात. तेथील तापमान सु. 300° से. एवढेच असले, तरी झिर्कोनियमाचे पिलिंग-बेडवर्थ गुणोत्तर 1.56 आहे व ऑक्सिजन आत शिरत असल्याने थर धातूच्या सीमेवर वाढतो. सीमेलगतच्या दाबामुळे झिर्कोनियाचा चतुष्कोणीय स्फटिकप्रकार तेथे टिकून राहतो, थर सु. 2 मायक्रॉन जाड झाल्यावर बाहेरच्या भागातील दाब उतरतो, स्फटिक एकनताक्ष प्रकारात बदलतात, सूक्ष्म तडे जातात व ऑक्सिडीकरणाची गती एकदम वाढते. येथे प्रतिबल थर फोडण्याचे नव्हे, तर त्याला काही काळ टिकविण्याचे काम करते.

अशा मापनांना लागणारे विवर्तनाचे किरणमार्ग भारतात इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या इंडस-2 या 2.5 गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट सिंक्रोट्रॉनावर उपलब्ध आहेत. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेत (स्थापना 1960) धातुविज्ञानाच्या अध्यापनाची सोय आहे. माणकाच्या प्रकाशाच्या पद्धतीस मात्र सिंक्रोट्रॉनाची गरज नसते. रामन वर्णपटमापक असलेल्या कोणत्याही प्रयोगशाळेत, त्याच उपकरणाने, ती वापरता येते.